अंकीय प्रतिमांमधील माहिती-गोपन व जलचिन्हांकन : तंत्रनिवडीचा एक चिकित्सक अभ्यास

सारांश :

अंकीय प्रतिमेत माहिती दडविण्याची अनेक तंत्रे गेल्या तीन दशकांत विकसित झाली. गुप्त संदेश पाठविणे, मालकी वा उगम सिद्ध करणे आणि प्रतिमेतील फेरफार ओळखणे हे तीन हेतू परस्परांहून भिन्न आहेत व प्रत्येकासाठी वेगळे तंत्र लागते. प्रत्यक्षात मात्र पदव्युत्तर प्रकल्पांपासून ग्रंथालयीन अंकीकरणापर्यंत तंत्राची निवड बहुधा प्रतिमेच्या दृश्य गुणवत्तेच्या एकाच मापावर केली जाते. ही निवड कशी फसते आणि ती कोणत्या प्रश्नांच्या आधारे करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : स्टेगॅनोग्राफी, जलचिन्ह, पिक्सेल, एलएसबी, डीसीटी, डीडब्ल्यूटी, पीएसएनआर, प्रतिवर्ती गोपन.

१. प्रस्तावना :

पाचशे रुपयांची नोट उजेडासमोर धरली असता कोऱ्या वाटणाऱ्या जागेत महात्मा गांधींची आकृती व ५०० हा अंक दिसतो. कागद तयार होतानाच त्याच्या जाडीत केलेल्या सूक्ष्म फरकामुळे हे घडते. इटलीतील फाब्रियानो येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदावर अशी चिन्हे उमटविण्यास प्रारंभ झाला. 'जलचिन्ह' ही संज्ञा तेथून आजच्या अंकीय प्रतिमेपर्यंत आली आहे. दुसरीकडे 'स्टेगॅनोग्राफी' हा शब्द 'झाकलेले' व 'लेखन' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला. योहानेस ट्रिथेमियस याने इ. स. १४९९ च्या सुमारास याच नावाचा ग्रंथ लिहिला आणि तो १६०६ मध्ये मुद्रित झाला. कूटलेखनात संदेश वाचता येत नाही, पण संदेश आहे हे सर्वांना दिसते. स्टेगॅनोग्राफीत संदेश आहे हेच कोणाच्या लक्षात येऊ नये, अशी अपेक्षा असते.

प्रस्तुत लेखाचे निमित्त एका अनुभवाचे आहे. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील काही मोडी कागदपत्रांच्या अंकीय प्रतिमा तयार केल्या. प्रतिमा बाहेर गेली तरी ती कोणत्या संग्रहातील आहे हे ओळखता यावे, म्हणून पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून प्रत्येक प्रतिमेत तिचा दाखल क्रमांक दडविला. दृश्य गुणवत्तेचे माप उत्तम आले. प्रकल्पास चांगले गुण मिळाले आणि ते देणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. काही महिन्यांनी त्यांपैकी एका कागदाची प्रतिमा भ्रमणध्वनीवरील एका गटातून, दुसऱ्याच संग्रहाचे नाव जोडलेल्या स्थितीत, आमच्याकडे परत आली. तीतून दाखल क्रमांक काढण्याचा प्रयत्न केला असता केवळ निरर्थक बिट हाती लागले. आज्ञावलीत चूक नव्हती. तंत्राची निवड चुकली होती. परीक्षक म्हणून विचारावयाचे प्रश्न आम्ही विचारले नव्हते, ही या अनुभवाची खरी शिकवण होय.

२. लेखाची उद्दिष्टे :

१) माहिती-गोपन व जलचिन्हांकन यांतील हेतुभेद स्पष्ट करणे.
२) प्रमुख तंत्रांचे कार्य सोप्या उदाहरणांनी समजावून देणे व त्यांच्या मर्यादा दाखविणे.
३) तंत्रनिवडीसाठी उपयुक्त ठरतील असे प्रश्न व त्यांचा क्रम सुचविणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. लेखातील गणिते वाचकास स्वतः पडताळून पाहता येतील.

३. हेतुभेद आणि परस्परविरोधी अपेक्षा :

गुस्तावस सिमन्स यांनी १९८३ मध्ये 'कैद्यांची समस्या' मांडली. दोन कैदी वेगवेगळ्या कोठडीत असून पळून जाण्याचा बेत आखत आहेत. त्यांची पत्रे तुरुंगाधिकारी वाचतो. संशय आला की पत्रव्यवहार बंद होणार. म्हणून पत्र साधेच दिसले पाहिजे. स्टेगॅनोग्राफीची कसोटी यात सामावलेली आहे : संदेशाचे अस्तित्व उघड झाले की तंत्र पराभूत झाले, मग संदेश वाचता आला नाही तरी.

जलचिन्हाची गोष्ट निराळी आहे. प्रतिमेत जलचिन्ह आहे हे जगाला ठाऊक असले तरी बिघडत नाही. किंबहुना ते जाहीर करणे काही वेळा हिताचेच असते. प्रतिमा निकामी केल्याशिवाय ते काढता येऊ नये, ही त्याची कसोटी. तिसरा प्रकार भंगुर जलचिन्हाचा. प्रतिमेत किंचितही बदल झाला की ते मोडावे, अशीच अपेक्षा असते. डबीवरील लाखेची मोहर तुटली की डबी उघडली गेली हे कळते, तसेच हे कार्य होय.

यावरून चार गुण पुढे येतात : अदृश्यता, धारणक्षमता म्हणजे किती माहिती मावते, टिकाऊपणा आणि अनोळखीपणा म्हणजे सांख्यिकीय तपासणीतही संशय न येणे. हे चारही गुण एकाच वेळी कमाल पातळीवर मिळत नाहीत. माहिती वाढविली की प्रतिमेत बदल वाढतो. टिकाऊपणासाठी एकच बिट अनेक ठिकाणी लिहावा लागतो व धारणक्षमता घटते. म्हणून 'सर्वोत्तम तंत्र कोणते?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कशासाठी?' हे जोडल्याशिवाय त्यास उत्तर नाही.

४. अवकाशीय क्षेत्रातील तंत्रे :

४.१ एलएसबी प्रतिस्थापन :

करड्या छटांच्या प्रतिमेत प्रत्येक पिक्सेल ० ते २५५ यांमधील एका संख्येने, म्हणजे ८ बिटांनी दर्शविला जातो. त्यांतील शेवटच्या, न्यूनतम मूल्याच्या बिटाच्या जागी संदेशाचा बिट ठेवणे म्हणजे एलएसबी पद्धत. देवनागरीतील 'अ' हे अक्षर यूटीएफ-८ संकेतनात तीन बाईटांचे असते व त्याचा पहिला बाईट १११००००० असा आहे. समजा, सलग आठ पिक्सेलची मूल्ये १५४, १५५, १५३, १५०, १४८, १४९, १५१, १५२ अशी आहेत. संदेशाचा बिट १ असेल तेथे मूल्य विषम व ० असेल तेथे सम करावयाचे. गोपनानंतर मूल्ये १५५, १५५, १५३, १५०, १४८, १४८, १५०, १५२ अशी होतात. आठांपैकी तीनच पिक्सेल बदलले आणि तेही एकेका एककाने. डोळ्यास हा फरक जाणवत नाही.

धारणक्षमता मोठी दिसते. ५१२ × ५१२ आकाराच्या प्रतिमेत २,६२,१४४ पिक्सेल असतात. प्रत्येकी एक बिट धरल्यास ३२,७६८ बाईट मावतात. मात्र मराठी मजकुराचा हिशेब करताना एक बाब ध्यानात घ्यावी लागते. देवनागरीचे प्रत्येक संकेतचिन्ह तीन बाईट घेते आणि काना, मात्रा, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'महाराष्ट्र' या शब्दात अशी दहा चिन्हे असल्याने त्यास ३० बाईट, म्हणजे २४० बिट लागतात. इंग्रजी मजकुरासाठी पाठ्यपुस्तकात दिलेली क्षमता मराठीसाठी जशीच्या तशी धरणे म्हणूनच चुकीचे ठरते.

४.२ पीएसएनआर हे माप व त्याची मर्यादा :

मूळ व बदललेल्या प्रतिमेतील पिक्सेलनिहाय फरकांच्या वर्गांची सरासरी काढून २५५ च्या वर्गाशी तिचे गुणोत्तर डेसिबलमध्ये मांडले असता पीएसएनआर मिळते. प्रतिमेतील खालचे बिट व संदेशाचे बिट समप्रमाणात विखुरलेले आहेत असे मानल्यास एलएसबी प्रतिस्थापनासाठी पुढील मूल्ये गणितानेच मिळतात.

तक्ता क्र. १ : प्रतिपिक्सेल बिट, सरासरी वर्गदोष व पीएसएनआर
१ बिट : ०.५ : ५१.१४ डेसिबल
२ बिट : २.५ : ४४.१५ डेसिबल
३ बिट : १०.५ : ३७.९२ डेसिबल
४ बिट : ४२.५ : ३१.८५ डेसिबल

यातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पूर्ण क्षमतेने एक बिट दडविल्यास पीएसएनआर सुमारे ५१ येणारच. त्यात आज्ञावली लिहिणाऱ्याचे विशेष कौशल्य नाही. कमी माहिती दडविली तर तो आपोआप वाढतो. त्यामुळे 'आमच्या पद्धतीचा पीएसएनआर अधिक आहे' हे विधान किती बिट दडविले हे सांगितल्याशिवाय निरर्थक ठरते. शिवाय हे माप फक्त अदृश्यतेविषयी बोलते. टिकाऊपणा व अनोळखीपणा यांविषयी ते मौन पाळते. २००४ मध्ये मांडले गेलेले एसएसआयएम हे रचनासाम्याचे माप मानवी दृष्टीला अधिक जवळचे असले, तरी तेही अदृश्यतेचेच माप आहे.

४.३ डोळ्याला न दिसणारे, गणिताला दिसणारे :

एलएसबी प्रतिस्थापनात १५४ चे १५५ होऊ शकते व १५५ चे १५४. परंतु १५५ चे १५६ कधीच होत नाही. मूल्यांच्या अशा ठराविक जोड्या बनतात. समजा, मूळ प्रतिमेत १५४ हे मूल्य ३०० वेळा व १५५ हे २०० वेळा आले आहे. यादृच्छिक बिट पूर्ण क्षमतेने दडविल्यावर दोन्हींची संख्या २५० च्या आसपास येते. सर्वच जोड्यांत अशी अनैसर्गिक बरोबरी दिसू लागते. आंद्रेआस वेस्टफेल्ड व आंद्रेआस फिट्झमन यांनी १९९९ मध्ये याच तत्त्वावर काय-वर्ग कसोटीचा हल्ला मांडला. २००१ मध्ये जेसिका फ्रिड्रिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या आरएस विश्लेषणाने तर विखुरलेल्या संदेशाच्या लांबीचाही अंदाज बांधता येऊ लागला.

उपाय म्हणून बिट जुळत नसेल तेथे यादृच्छिकपणे एक मिळविणे किंवा वजा करणे, ही एलएसबी जुळणी पद्धत पुढे आली. यात ठराविक जोड्या राहत नाहीत व ओळख अधिक कठीण होते. वू व त्साय यांच्या २००३ मधील पद्धतीने शेजारच्या दोन पिक्सेलमधील फरक मोठा असेल तेथे अधिक व सपाट भागात कमी बिट दडविले. कारण आकाशाच्या निळ्या पट्ट्यापेक्षा झाडाच्या पानांत केलेला बदल कमी जाणवतो. हाच विचार पुढे २०१० मधील ह्यूगो व २०१२ मधील वॉव या अनुकूली पद्धतींत अधिक काटेकोर झाला. तरीही प्रतिमा मोठी म्हणून सुरक्षित क्षमता त्याच प्रमाणात मोठी, असे होत नाही. अँड्र्यू केर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या वर्गमूळ नियमानुसार पिक्सेलची संख्या चौपट झाली तर सुरक्षितपणे दडविता येणारी माहिती साधारणतः दुप्पटच होते.

५. रूपांतर क्षेत्रातील तंत्रे :

५.१ जेपीईजी संक्षेप व एलएसबीचा नाश :

ग्रंथालयाच्या प्रतिमेतून क्रमांक का नाहीसा झाला, याचे उत्तर जेपीईजी संक्षेपात आहे. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत प्रतिमेचे ८ × ८ चे ठोकळे पाडले जातात व डीसीटी या रूपांतराने प्रत्येक ठोकळ्याचे ६४ गुणकांत पृथक्करण होते. प्रत्येक गुणकास ठरलेल्या पायरीने भागून जवळच्या पूर्णांकात बदलले जाते. गुणक ३७ व पायरी १० असल्यास भागाकार ३.७ येतो, त्याचा ४ होतो व प्रतिमा उघडताना ४० मिळतात. तीन एककांचा फरक येथेच पडला. उलट एका पिक्सेलमधील एका एककाचा बदल ६४ गुणकांत वाटला जातो व कोणत्याही एका गुणकाच्या वाट्याला पाव एककापेक्षाही कमी येतो. दहाच्या पायरीपुढे तो कसा टिकावा? संदेशसेवा छायाचित्रे पाठविताना त्यांचा आकार घटवून पुन्हा संक्षेप करतात. मूळ पीएनजी संचिकेत सुरक्षित असलेला क्रमांक या एका प्रवासात पुसला गेला.

५.२ संक्षेपाच्या आतील गोपन :

संदेश पिक्सेलऐवजी पूर्णांकात बदललेल्या डीसीटी गुणकांतच दडविला, तर जेपीईजी संचिका साठविताना तो नष्ट होत नाही. जेस्टेग ही या प्रकारची सुरुवातीची आज्ञावली. तिच्यातही जोड्यांचा दोष राहिल्याने ती काय-वर्ग कसोटीत सापडते. नील्स प्रोव्होस यांच्या आउटगेसने सांख्यिकीय दुरुस्तीचा मार्ग स्वीकारला, तर वेस्टफेल्ड यांनी २००१ मध्ये एफ५ मांडली. तीत गुणकाचे केवलमूल्य एकाने घटविले जाते व सारणी संकेतनाने बदलांची संख्या कमी ठेवली जाते. तीन जागांपैकी जास्तीत जास्त एक बदलून दोन बिट लिहिता येतात, सात जागांपैकी एक बदलून तीन. २००२ मध्ये एफ५ चीही ओळख पटविण्याची रीत प्रसिद्ध झाली. येथे एक सूक्ष्म भेद विसरता कामा नये. या पद्धतींतील संदेश जेपीईजी संचिकेत राहतो, पण तीच प्रतिमा वेगळ्या गुणवत्तेवर पुन्हा संक्षेपित झाली तर तो मोडतो. त्या गुप्त संदेशासाठी आहेत, टिकाऊ जलचिन्हासाठी नव्हेत.

५.३ टिकाऊ जलचिन्हे :

इंगमार कॉक्स, ज्यो किलियन, टॉम लेटन व तलाल शमून यांच्या १९९७ मधील शोधनिबंधाने या विषयास दिशा दिली. तोपर्यंतचा सर्वसाधारण विचार असा की, जलचिन्ह डोळ्यास न जाणवणाऱ्या बिनमहत्त्वाच्या भागात ठेवावे. त्यांचे प्रतिपादन उलट होते. जो भाग बिनमहत्त्वाचा तो संक्षेपात प्रथम फेकला जातो. म्हणून जलचिन्ह प्रतिमेच्या दृश्यदृष्ट्या महत्त्वाच्या भागातच ठेवले पाहिजे. त्यांनी संपूर्ण प्रतिमेच्या डीसीटीमधील सर्वांत मोठ्या १,००० गुणकांत, शून्य वारंवारितेचा गुणक वगळून, यादृच्छिक संख्यांची मालिका ०.१ या प्रमाणात मिसळली. प्रत्येक गुणकातील बदल थोडा. पण हजार ठिकाणांचा पुरावा एकत्र केला की तो निर्णायक ठरतो. मात्र तपासणीच्या वेळी मूळ प्रतिमा जवळ असावी लागते.

मूळ प्रतिमेशिवाय वाचता येणाऱ्या पद्धतींत ब्रायन चेन व ग्रेगरी वॉर्नेल यांची २००१ मधील पायरी-निर्देशांक पद्धत समजण्यास सुलभ आहे. समजा, पायरी २० ठरविली. बिट ० असेल तर गुणक पायरीच्या जवळच्या सम पटीवर न्यावयाचा, १ असेल तर विषम पटीवर. गुणक ४७ असल्यास ० साठी तो ४० व १ साठी ६० होईल. पुढील प्रवासात गुणकात १० पेक्षा कमी फरक पडला तर बिट अचूक वाचता येतो. पायरी वाढविली की टिकाऊपणा वाढतो आणि त्याच वेळी प्रतिमेची हानीही वाढते. तंत्रनिवडीतील तडजोड येथे एका संख्येत दिसते.

डीडब्ल्यूटी म्हणजे तरंगिका रूपांतरात प्रतिमेचे एका पातळीवर चार भाग होतात : एक स्थूल आकृतीचा व तीन आडव्या, उभ्या व तिरप्या तपशिलांचे. ५१२ × ५१२ प्रतिमेचा प्रत्येक भाग २५६ × २५६ चा असतो. स्थूल भागातील बदल डोळ्यास लवकर जाणवतो, अतिसूक्ष्म तपशील संक्षेपात जातो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवरील मधल्या भागांची निवड सामान्यतः केली जाते. एसव्हीडी या सारणी-विघटनावर आधारित लिऊ व तान यांची २००२ मधील पद्धत आपल्याकडील प्रकल्पांत फार लोकप्रिय आहे. परंतु तपासणीसाठी जलचिन्हाच्याच दोन सारण्या बाहेरून पुरविल्या जात असल्याने, जे जलचिन्ह प्रतिमेत कधी घातलेच नव्हते तेही तीतून 'सापडू' शकते, हे २००५ मधील टिपणात दाखविले गेले. मालकीच्या वादात असा पुरावा घातक ठरेल.

५.४ स्थानभ्रंशाचा प्रश्न :

संक्षेपास टिकणारे जलचिन्ह कातरण्यास टिकेलच असे नाही. डाव्या कडेचा एक स्तंभ कापला तरी ८ × ८ ठोकळ्यांची चौकट सरकते व वाचणारी आज्ञावली भलत्याच ठिकाणी वाचू लागते. किंचित फिरविणे, आकार बदलणे, छापून पुन्हा स्कॅन करणे यांनीही हेच घडते. फेबियन पेटिटकोलास व मार्कस कून यांनी १९९७ मध्ये तयार केलेल्या स्टर्मार्क या चाचणी-आज्ञावलीने अशा लहानसहान विकृतींपुढे त्या काळातील अनेक पद्धती कोसळतात हे दाखवून दिले. म्हणून जलचिन्हाची चाचणी केवळ नॉइज मिसळून करणे पुरेसे नाही.

६. भंगुर व प्रतिवर्ती तंत्रे :

वैद्यकीय क्षकिरण प्रतिमा किंवा न्यायालयीन पुरावा यांत एका एककाचा बदलही आक्षेपार्ह ठरू शकतो. अशा ठिकाणी माहिती काढून घेतल्यावर मूळ प्रतिमा तंतोतंत परत मिळणे आवश्यक असते. जुन तियान यांची २००३ मधील फरक-विस्तार पद्धत यासाठी उपयुक्त आहे. शेजारचे दोन पिक्सेल १०४ व १०१ घेऊ. त्यांची पूर्णांकी सरासरी १०२ व फरक ३. फरक दुप्पट करून त्यात संदेशाचा बिट १ मिळविला की ७ होतात. नव्या फरकानुसार पिक्सेल १०६ व ९९ असे होतात. वाचताना सरासरी पुन्हा १०२ व फरक ७ मिळतो. ७ विषम म्हणून बिट १, आणि ७ च्या निम्म्याचा पूर्णांक ३ हा मूळ फरक. त्यावरून १०४ व १०१ परत मिळतात. नी व सहकाऱ्यांची २००६ मधील आयतालेख-स्थलांतर पद्धतही याच वर्गातील आहे.

तथापि संपूर्ण संचिका बदललेली नाही एवढेच सिद्ध करावयाचे असेल, तर प्रतिमेत काही दडविण्याची गरजच नाही. एसएचए-२५६ सारखे हॅश मूल्य पुरेसे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रमाणपत्रातही हॅश मूल्याची नोंद अपेक्षित आहे. भंगुर जलचिन्हाचा अधिकचा लाभ असा की, फेरफार प्रतिमेच्या कोणत्या भागात झाला हे ते दाखवू शकते.

७. तंत्रनिवडीसाठी प्रश्नक्रम :

वरील विवेचनाच्या आधारे निवडीपूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात द्यावीत, असे सुचवावेसे वाटते.

१) हेतू कोणता? गुप्तता, उगम-सिद्धी की फेरफार-ओळख? दोन हेतू असल्यास दोन स्वतंत्र तंत्रे लागतील.

२) प्रतिपक्ष कोण? नकळत संक्षेप करणारी संदेशसेवा, मुद्दाम कातरणारी व्यक्ती, की सांख्यिकीय विश्लेषण करणारा तज्ज्ञ? केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये सांगितलेले तत्त्व येथेही लागू आहे : पद्धत शत्रूस ठाऊक आहे असे गृहीत धरावे, सुरक्षितता केवळ किल्लीवर अवलंबून असावी. म्हणून गोपनाच्या जागा किल्लीने ठरवाव्यात व संदेश आधी कूटबद्ध करावा.

३) प्रतिमेचा प्रवास कोणत्या स्वरूपांतून होणार? पीएनजी व बीएमपी पिक्सेल जसेच्या तसे ठेवतात, जेपीईजी ठेवत नाही. जीआयएफमध्ये पिक्सेल हा रंगतक्त्यातील क्रमांक असल्याने शेजारचा क्रमांक अगदी वेगळ्या रंगाचा असू शकतो. तेथे साधी एलएसबी पद्धत डोळ्यालाही दिसते.

४) किती बिट खरोखर आवश्यक आहेत? जलचिन्हात संपूर्ण माहिती भरण्याचा मोह टाळावा. दाखल क्रमांकासाठी ६४ बिट पुरतात. बाकी तपशील नोंदवहीत असावा. ५१२ × ५१२ प्रतिमेत ८ × ८ चे ४,०९६ ठोकळे असतात. म्हणजे प्रत्येक बिट ६४ ठोकळ्यांत लिहून बहुमताने वाचता येईल.

५) तपासणीच्या वेळी मूळ प्रतिमा उपलब्ध असेल काय? ग्रंथालयाकडे ती असते. रस्त्यावर सापडलेल्या प्रतीची तपासणी करणाऱ्या त्रयस्थाकडे नसते.

६) मूळ प्रतिमेत बदल चालेल काय? चालत नसल्यास प्रतिवर्ती तंत्र किंवा हॅश.

चाचणीसाठीही एक सूचना. 'लेना' ही १९७२ च्या एका मासिकातून घेतलेली चाचणी-प्रतिमा अनेक दशके वापरात होती. आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने १ एप्रिल २०२४ पासून ती असलेले लेख स्वीकारणे थांबविले. तो आक्षेप बाजूस ठेवला तरी, गुळगुळीत छायाचित्रावरील निकाल पांढऱ्या कागदावरील काळ्या मोडी अक्षरांना लागू पडत नाहीत. सपाट पांढऱ्या भागात बदल दडत नाही व वाचकास डाग दिसू लागतात. ज्या प्रतिमांसाठी तंत्र वापरावयाचे, त्याच प्रतिमांवर ते तपासले पाहिजे.

८. कायदा, वाद आणि नवी परिस्थिती :

जलचिन्ह हक्क निर्माण करीत नाही. ते केवळ दाव्यास आधार देते. स्कॉट क्रेव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले की, काही पद्धतींत दुसरी व्यक्ती प्रसिद्ध प्रतिमेतून आपले खोटे जलचिन्ह 'वजा' करून मूळ प्रतिमा आपल्याकडेच आहे असा दावा करू शकते. म्हणून प्रसिद्धीपूर्वी मूळ प्रतिमेचे हॅश मूल्य दिनांकासह त्रयस्थाकडे नोंदविणे शहाणपणाचे. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली समाविष्ट झालेल्या कलम ६५-ब अन्वये हक्क-व्यवस्थापन माहिती जाणीवपूर्वक व अनधिकृतपणे काढणे हा दंडनीय अपराध आहे. जुन्या मोडी कागदांवर प्रताधिकार शिल्लक असतोच असे नाही. तेथे जलचिन्हाचे मोल उगम सांगण्यात आहे, मालकी गाजविण्यात नाही.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्मिलेल्या प्रतिमांमुळे या विषयास नवे महत्त्व आले आहे. २०१८ मधील हिडन या पद्धतीत गोपन करणारे व वाचणारे जाळे एकत्र प्रशिक्षित केले गेले. २०२३ मध्ये गुगल डीपमाइंडने निर्मित प्रतिमांसाठी सिंथआयडी हे अदृश्य जलचिन्ह जाहीर केले. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या सी२पीए या संघटनेने प्रतिमेचा उगम स्वाक्षरीयुक्त पूरक माहितीत नोंदविण्याचे प्रमाण मांडले. पूरक माहिती सहज गळून पडते, जलचिन्ह टिकते पण थोडेच सांगू शकते. दोहोंची सांगड घालणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

९. निष्कर्ष :

१) गुप्त संदेश, टिकाऊ जलचिन्ह व भंगुर जलचिन्ह यांच्या कसोट्या भिन्न असल्याने एकाच मापाने त्यांची तुलना करता येत नाही.
२) एलएसबी तंत्र अध्यापनास व न बदलणाऱ्या संचिकेतील अल्प संदेशास उपयुक्त आहे, उगम-सिद्धीस निरुपयोगी आहे.
३) संदेशसेवा व संकेतस्थळे यांतून फिरणाऱ्या प्रतिमांसाठी मधल्या वारंवारितेतील डीसीटी अथवा डीडब्ल्यूटी तंत्र, अल्प बिट व भरपूर पुनरुक्ती यांसह वापरावे.
४) मूळ प्रत अबाधित ठेवून तिचे हॅश मूल्य नोंदवावे, जलचिन्ह केवळ वितरण-प्रतीत घालावे.
५) प्रकल्पाच्या मूल्यमापनात पीएसएनआरबरोबर दडविलेल्या बिटांची संख्या व प्रत्यक्ष प्रवासानंतरचा बिट-दोष नोंदविणे बंधनकारक असावे.

समारोप :

आमच्या ग्रंथालयासाठी याच तत्त्वांवर नवा आराखडा तयार केला आहे. मूळ प्रतिमा कुलूपबंद राहतील, वितरण-प्रतींत केवळ दाखल क्रमांक असेल आणि प्रत्येक प्रत बाहेर जाण्यापूर्वी भ्रमणध्वनीवरून पाठवून, कातरून व पडद्यावरून टिपून तपासली जाईल. तपासणीनंतर क्रमांक वाचता आला नाही, तर पद्धत नापास समजली जाईल; मग तिचा पीएसएनआर कितीही असो. कागद जपणाऱ्या पिढ्यांनी त्यावर नाव, तिथी व मोर्तब घातले ते कागद कोठून आला हे पुढच्याला कळावे म्हणून. अंकीय प्रतीच्या बाबतीत तेच कर्तव्य आता संगणकशास्त्राच्या शिक्षकाकडे आले आहे.